तारण : कशापासून आणि कोणापासून?

हिब्रू स्तोत्रांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले-बोलले जाते, त्यात एक गोष्ट इतक्या सहजपणे घडते की ती घडल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. स्तोत्रकर्त्याचे शत्रू नाहीसे होतात. ते काम देव करीत नाही, विवेचक करतो. ‘चहूबाजूंनी वैऱ्यांनी वेढलेला भक्त’ अशी सुरुवात होते. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात हे वैरी म्हणजे काम-क्रोधादी षड्रिपूंची प्रतीके ठरतात. मग तुकोबांशी तुलना येते, आणि आर्तता, शरणागती, अनन्यभाव या शब्दांत सारे प्रकरण शांतपणे विसर्जित होते. चर्चासत्रातील निबंध असो, तौलनिक साहित्याच्या तासाची टिपणे असोत की उपासकांसाठी लिहिलेले निरूपण असो, चाल हीच. या चालीने दोन परंपरांमधील सेतू बांधला जातो असे म्हटले जाते. वस्तुतः सेतूच्या एका टोकाला असलेले गाव आधी उठवले जाते आणि मग रिकाम्या काठावर कमान उभी राहते.

स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे ज्याने सलग वाचली आहेत, त्याला हे उघड दिसावे. हेर्मान गुंकेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या स्तोत्रांचे प्रकार लावले, तेव्हा सर्वांत मोठा गट निघाला तो एकट्या माणसाच्या गाऱ्हाण्यांचा. या गाऱ्हाण्यांतला शत्रू मनातला विकार म्हणून वावरत नाही. तो खड्डा खणतो, जाळे पसरतो, खोटी साक्ष देतो, गल्लीत दबा धरतो, आजाऱ्याच्या उशाशी येऊन गोड बोलतो आणि बाहेर जाऊन वाईट पसरवतो. बाविसाव्या स्तोत्रात तो बैल, कुत्रा, सिंह अशा रूपांनी येतो. एकशे अठराव्या स्तोत्रात ‘वेढले’ या अर्थाचे क्रियापद चार वेळा येते आणि वेढणाऱ्यांना मधमाश्यांची उपमा मिळते. पंधराव्या स्तोत्रात देवाच्या डोंगरावर राहायला कोण पात्र, याची यादी आहे. तीत व्याजाने पैसे न लावणारा माणूस आहे. व्याजासाठी हिब्रूत जो शब्द आहे, ‘नेशेख’, तो चावण्याच्या धातूशी जोडलेला आहे. चौदाव्या स्तोत्रात दुष्कर्मी लोक माणसांना भाकरी खावी तसे खातात. या साऱ्याला ‘षड्रिपू’ म्हणायचे तर ते सहापैकी कोणते, हेही सांगावे लागेल.

मराठीने या चर्चेसाठी जो मुख्य शब्द स्वीकारला आहे, त्याच्याकडेही कोणी नीट पाहिलेले दिसत नाही. मराठी ख्रिस्ती परिभाषेत मुक्तीला ‘तारण’ म्हणतात. हाच शब्द सावकाराच्या वहीत कर्जापोटी ठेवलेल्या वस्तूसाठी आहे: जमीन तारण ठेवली, दागिना तारण ठेवला. सुटण्यासाठी आणि अडकण्यासाठी एकच शब्द असलेली भाषा तारणाचा विचार करताना ‘कोणापासून’ हा प्रश्न विसरूच शकत नाही; तो विसरायला विद्यापीठीय शिक्षण लागते. ‘संकट’ या शब्दाचा संस्कृतातील जुना अर्थ अरुंद, चिंचोळे असा आहे, आणि मराठीत ‘अडचण’ अजूनही दाटीच्या जागेला म्हणतात. हिब्रूत नेमके हेच घडते. ‘त्सार’ म्हणजे अरुंद, म्हणून कोंडी, आणि ‘त्सार’ म्हणजेच वैरी. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन वेगळे धातू असू शकतील. कवितेच्या कानाला ध्वनी एकच. सुटकेसाठी स्तोत्रकर्ता ज्या जागेची आठवण काढतो ती ‘मेरखाव’, म्हणजे मोकळी, रुंद जागा. एकतिसाव्या आणि एकशे अठराव्या स्तोत्रांत सुटलेला माणूस अशा मोकळ्या जागी उभा केला जातो. तेव्हा या कवितेतील श्रद्धा ही मनाची अवस्था होण्याआधी जागेची मागणी आहे. माणसाला पाय ठेवायला जागा हवी आहे आणि ती कोणीतरी अडवली आहे.

आता ही स्तोत्रे जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत ठेवून वाचून पाहावीत. येथे धर्मांतराचा प्रश्न नाही. त्या वादात दोन्ही बाजूंना स्तोत्रे वाचण्याची गरज भासलेली नाही. प्रश्न वाचनाचा आहे: जी संहिता ‘मानवमात्राची’ म्हणून शिकवली जाते, ती ज्या माणसांना वेढले जाण्याचा अर्थ शब्दशः ठाऊक आहे त्यांच्या मुलखात काय म्हणते? दोन्ही तालुक्यांत आज पदवी महाविद्यालये आहेत आणि वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी घरांतली मुले मराठी साहित्य हा विषय घेऊन बसतात. त्यांच्यापुढे शत्रू म्हणजे षड्रिपू असे सांगितले जाते, तेव्हा त्यांच्या आजोबांचा अनुभव अलंकारात बसवला जातो.

तो अनुभव नोंदलेला आहे. १९३६ च्या आदेशाने ठाणे जिल्ह्यातील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेठे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरले. मुंबई प्रांतातील अशा क्षेत्रांची पाहणी करून डी. सायमिंग्टन यांनी १९३८ मध्ये जो अहवाल दिला, त्यात कर्ज, वेठ आणि जमीन हातची जाण्याच्या कथा सरकारी इंग्रजीत लिहिलेल्या आहेत. लग्नासाठी कर्ज काढून बायकोसह धनकोच्या घरी राबणाऱ्या लग्नगड्याची कहाणी गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकाने मराठी वाचकाच्या दारात आणून ठेवली. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा त्यांना वैऱ्याचे नाव ठाऊक होते: जमीनदार, सावकार, जंगलाचा ठेकेदार. दहाव्या स्तोत्रात दुष्ट माणूस खेड्यांच्या आडोशाला दबा धरून गरिबाला जाळ्यात ओढतो. ते स्तोत्र या उठावाशेजारी ठेवले, तर प्रतीकाची गरज कोणाला पडते ते कळेल.

जव्हारची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. मोखाडा ब्रिटिश मुलखात होता. जव्हार हे १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते, आणि मुकणे हे महादेव कोळी. म्हणजे ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ अशी रेघ ओढून शत्रू निश्चित करू पाहणाऱ्याला पहिल्याच पावलावर अडखळावे लागते. हॅरिस बिर्केलांड यांनी १९३३ मध्ये मांडले की, एकट्याच्या गाऱ्हाण्यांतले शत्रू हे परके, परराष्ट्रीय आहेत आणि बोलणारा ‘मी’ हा राजा किंवा राष्ट्राचा प्रतिनिधी आहे. काही स्तोत्रांना हे लागू पडते. पण शेजाऱ्याने, ज्याने ताटातले खाल्ले त्या मित्राने घात केल्याची एकेचाळिसाव्या स्तोत्रातली तक्रार यात कशी बसवायची? परक्यावर ठपका ठेवणे नेहमीच स्वस्त असते, आणि देशीवादाच्या उत्साहात मराठी समीक्षेनेही ते पुष्कळदा केले आहे.

येथे झिग्मुंड मोविंकेल यांचा १९२१ चा सिद्धान्त पुढे येतो. मराठीत तो चर्चिला गेलेला नाही, आणि जव्हार-मोखाड्यात तो जितका समजेल तितका ऑस्लोतही समजला नसेल. मोविंकेल म्हणतात, गाऱ्हाण्यांतले ‘पोअले आवेन’, म्हणजे रूढ भाषांतरांतले ‘दुष्कर्म करणारे’, हे मुळात चेटूक करणारे होत. गाऱ्हाणे करणारा आजारी आहे, आणि कोणाच्या तरी मंत्राने, पुटपुटण्याने आपण आजारी पडलो अशी त्याची समजूत आहे. एकेचाळिसाव्या स्तोत्रातले शत्रू एकमेकांत कुजबुजतात. त्या कुजबुजीचे क्रियापद ज्या धातूपासून येते, त्याच धातूपासून अठ्ठावन्नाव्या स्तोत्रातल्या साप भारणाऱ्यांचा शब्द येतो. मोविंकेल यांनी पुढे स्वतःचे मत बरेच सौम्य केले. तथापि त्यांनी उघडलेले दार बंद झालेले नाही. स्तोत्र हे येथे उताऱ्यासारखे काम करते: करणी करणाऱ्याची करणी त्याच्यावर उलटवते.

या सिद्धान्ताने आपल्याकडचा कोणताही प्रगतिशील वाचक सुखावेल. शत्रूला रक्तमांस मिळाले, समाज मिळाला, समजुतींचे जग मिळाले. पण थोडे थांबावे. ज्या मुलखात ही समजूत जिवंत राहिली, तेथे चेटूक करणारा म्हणून कोण सापडतो? के. जे. सावे यांनी ‘द वारलीज’ (१९४५) या ग्रंथात भगत आणि भुताळी यांविषयीच्या समजुती नोंदवल्या आहेत. मूल आजारी पडते, गुरे मरतात. घरचे लोक भगताकडे जातात. भगत दाणे पाहतो. आणि दाण्यांतून कधी कोपलेला देव निघतो, तर कधी शेजारची बाई. ती पुष्कळदा विधवा असते, म्हातारी असते, एकटी असते. मग तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते, जीवही जातो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तेव्हा एखाद्या व्यक्तीवर करणी करते, रोगराई पसरवते असा आळ घालणे या कृत्याचा समावेश कायद्याच्या अनुसूचीत करावा लागला. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतरच तो वटहुकूम निघाला, हा तपशीलही या चर्चेत अप्रस्तुत नाही.

तेव्हा मोविंकेल यांचे वाचन स्वीकारले तर स्तोत्र म्हणणारा हा आजारी मुलाचा बाप होतो, आणि ‘वैरी’ होते ती भुताळी ठरवलेली बाई. श्रद्धेने त्याला सोडवावे अशी प्रार्थना म्हणजे तिला कोणीतरी शोधून काढावे अशी प्रार्थना. वेढलेला कोण आणि वेढणारे कोण, हे या एका क्षणात उलटते. अख्खे गाव तिच्याभोवती जमते आणि तरी गाऱ्हाणे गावाचे असते.

हान्स श्मिट यांनी १९२८ मध्ये नेमके विरुद्ध टोक धरले. त्यांच्या मते यांतली कित्येक स्तोत्रे म्हणजे आळ आलेल्या माणसाची प्रार्थना होय: त्याला मंदिरात ठेवले आहे, निर्णय व्हायचा आहे, आणि तो म्हणतो की जर हे मी केले असेल तर मला शिक्षा कर. सातव्या स्तोत्राची रचनाच अशा शपथेची आहे. पस्तिसाव्यात खोटे साक्षीदार उठतात आणि ज्याची माहितीही नाही त्याविषयी जाब विचारतात. हे वाचन घेतले की स्तोत्र भुताळीच्या तोंडी जाते. दोन्ही विद्वानांसमोर संहिता जवळजवळ एकच आहे. एकाच्या वाचनात बाई मारली जाते, दुसऱ्याच्या वाचनात ती बोलते.

मराठी परंपरेला हा प्रकार अनोळखी असू नये. जनाबाईवर विठ्ठलाचे पदक चोरल्याचा आळ आला, तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर देण्यास नेले आणि सुळाचे पाणी झाले, ही आख्यायिका कीर्तनांतून सर्वांनी ऐकलेली आहे. ती चमत्कारकथा म्हणून सांगितली जाते. तिच्यातला खटला कोणी पाहत नाही: आळ घेणारे पुजारी आहेत, आळ आलेली एक दासी आहे, पुरावा तिच्या घरात सापडला आहे, आणि तिच्या बाजूने साक्ष देणारा कोणी नाही. श्मिट यांना पाहिजे होती ती सर्व सामग्री पंढरपुरात आहे. पण विवेचक जनाबाईच्या कथेत भक्तीचा महिमा पाहतात आणि स्तोत्रांतही तोच पाहतात, म्हणून दोहोंची तुलना करूनही दोन्हीकडचा आरोप त्यांच्या हाती लागत नाही. तुकोबांचेही तसेच होते. ज्यांना ते निव्वळ अंतर्मुख भक्तीचे प्रमाण म्हणून पुढे करतात, त्या तुकोबांविषयी परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. तारणाचे कागद पाण्यात टाकल्यावर तारणाचे अभंग झाले, असा हा क्रम आहे. आणि पुढे अभंगांच्या वह्या पाण्यात टाकायला लावणारी माणसेही परंपरेला नावानिशी ठाऊक आहेत.

एक आक्षेप येथे अपेक्षित आहे. जर्मन-नॉर्वेजियन पंडितांचे शंभर वर्षांपूर्वीचे वाद जव्हारच्या डोंगरात कशाला न्यायचे? उत्तर असे की, षड्रिपूंची कल्पना तरी जव्हारच्या डोंगरात कोठून गेली? तीही वरून आलेली आहे; फक्त ती इतकी घरची वाटते की तिचे येणे दिसत नाही. शिवाय या वादांपैकी कोणताही एक पक्ष येथे अंतिम म्हणून मांडलेला नाही. उलट जव्हार-मोखाड्यामुळे त्या वादाचीच परीक्षा होते. प्राच्यविद्येच्या दालनात मोविंकेल आणि श्मिट यांच्यातील निवड ही पुराव्याच्या तोलाची बाब आहे. ज्या पाड्यावर दाणे पाहिले जातात, तेथे ती कोणाला माणूस मानायचे याची निवड होते.

दुसरा आक्षेप डावीकडून येईल, आणि तो अधिक गंभीर आहे. भुताळीचा प्रश्न पुढे आणला की सावकार सुटतो. आदिवासीच आदिवासीचा वैरी ठरतो. हे शोषकांना हवेच असते. आक्षेपातील भीती खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. सावकार आणि भुताळीचा आळ यांचा संबंध तोडणे हेच मुळी सावकाराला सोयीचे असते. ज्या घरी पावसाळ्याच्या अखेरीस नागली-वरई संपलेली असते, ज्याला दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्यावाचून गत्यंतर नसते, त्या घरात मूल दगावले तर त्याचे कारण वहीत, रस्त्यात, दवाखान्याच्या अंतरात विखुरलेले असते. विखुरलेल्या कारणाला तोंड नसते. गाऱ्हाण्याला मात्र तोंड लागते. म्हणून हाताशी असलेले, सर्वांत दुबळे तोंड निवडले जाते. १९४५ च्या चळवळीने जे केले त्याचे मोल याच ठिकाणी कळते: तिने गाऱ्हाण्याला योग्य तोंड दाखवले. पण चळवळीने एक वैरी ओळखून दिला म्हणजे वैरी ओळखण्याची रीत बदलली असे होत नाही. २०१३ चा कायदा लागला, यातच ते स्पष्ट आहे.

या रीतीच्या मुळाशी कोणाचा शब्द प्रमाण, हा प्रश्न आहे. गाऱ्हाण्याच्या स्तोत्रांत एक विलक्षण जागा असते: विलाप चाललेला असतो आणि एकाएकी पुढच्याच ओळीत आभार येतात. मध्ये काय झाले? श्रद्धेने मन पालटले, असे मराठी विवेचन म्हणते. योआखिम बेग्रिख यांनी १९३४ मध्ये दिलेले उत्तर अधिक कोरडे आणि म्हणून अधिक उपयोगी आहे: मध्ये याजक बोलला. ‘भिऊ नकोस’ अशा अर्थाची देववाणी त्याने सांगितली आणि ती संहितेत उतरली नाही. म्हणजे ज्याला श्रद्धेतून मिळालेली सुटका म्हणतात, तिच्या ऐन मध्यावर एक अधिकारी उभा आहे. दाणे पाहणारा भगतही असाच एक अधिकारी. तो एका घराला ‘भिऊ नका’ म्हणतो तो क्षण दुसऱ्या घराच्या भयाचा आरंभ असू शकतो. भगताला भोंदू म्हणून मोकळे होणे सोपे आहे. घांगळीवर कणसरीची कथा लावणारा, रोप्याची मुळी ओळखणारा, लग्नमरणाला बोलावला जाणारा हाच माणूस आहे. त्याच्यावाचून त्या समाजाची स्मृती पांगळी होईल. त्याच्या तोंडचा कौल कोणाला सोडवतो आणि कोणाला बांधतो, हे पाहणे समीक्षेचे काम आहे, कारण समीक्षा स्तोत्रातील त्या न लिहिलेल्या ओळीविषयीही तेच विचारू शकते आणि विचारत नाही.

एकशे नवव्या स्तोत्राइतकी याची दुसरी कसोटी नाही. त्यात शापांची लांबलचक माळ आहे: त्याचे दिवस थोडे होवोत, मुले पोरकी होवोत, धनकोने त्याचे सारे बळकावावे. उपासनेत ही ओळ पुष्कळ ठिकाणी वगळली जाते, समीक्षेत तिच्याविषयी क्षमा मागितली जाते. पण काही अभ्यासकांनी दाखवले आहे की, हे शाप स्तोत्रकर्त्याचे नसून त्याच्या वैऱ्यांनी त्याच्यावर घातलेले असू शकतात. तो ते न्यायाधीशासमोर उद्धृत करीत असावा. हिब्रूत अवतरणचिन्हे नाहीत. तेव्हा हे स्तोत्र म्हणजे भुताळीविरुद्ध गावाने उच्चारलेला शाप आहे, की गावाचा शाप जसाच्या तसा देवापुढे मांडणारी भुताळी आहे, हे व्याकरण ठरवू शकत नाही. पुढे त्याच स्तोत्रात शाप पाण्यासारखा अंगात आणि तेलासारखा हाडांत शिरल्याचे म्हटले आहे. करणीचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. आणि ते नेमके असल्यामुळेच भयंकर आहे. जो विद्यार्थी हे स्तोत्र एकदा बापाच्या आवाजात आणि एकदा त्या बाईच्या आवाजात मोठ्याने वाचील, त्याला ‘निवेदक’ आणि ‘गर्भित वाचक’ या संज्ञा शिकवाव्या लागणार नाहीत.

षड्रिपूवादी वाचनाचे खरे नुकसान येथे आहे. ते दोघांनाही गप्प करते. बापाचे दुःख आणि बाईचा जीव, दोन्ही ‘आंतरिक संघर्षा’त जमा होतात, सावकार आपोआप सुटतो. ज्याला शत्रूच नाही त्याला सोडवण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. आणि सुटका झाली हे ओळखायचे कसे? बाविसावे स्तोत्र त्याची खूण देते. वेढलेला माणूस शेवटी एकटा शांत होऊन बसत नाही. तो भरल्या सभेत बोलतो, आणि दीनदुबळे पोटभर जेवतात. तारणाची ही अट अध्यात्माच्या कोणत्याही तराजूत टाकता येत नाही. ती सभेत बोलू दिले का, आणि ताटात काय पडले, अशा दोन प्रश्नांनी तपासता येते.

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये महाराष्ट्र हादरला. २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०१६ मध्ये मोखाडा तालुक्यातील बालमृत्यू पुन्हा राज्यभर चर्चेत आले. या मुलांसाठी स्तोत्रसंहितेत जागा शोधायची तर ती अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात सापडेल. तेथे बैल नाहीत, कुत्री नाहीत, खोटे साक्षीदार नाहीत. ओळखीची माणसे दूर गेलेली आहेत, आणि बालपणापासून मरणाच्या टेकीला आलेला एक जण रोज हाका मारतो. त्याला उत्तर येत नाही. विलापातून आभाराकडे नेणारी ती न लिहिलेली ओळ या स्तोत्रात नाही, याजक काही बोलत नाही, आणि हिब्रूतला शेवटचा शब्द अंधार असा आहे. तौलनिक अभ्यासाच्या निबंधांत हे स्तोत्र सहसा उद्धृत होत नाही.